ऑडिशनची गाडी: नाशिकहून अंधेरीला, खर्च वाटून

नाशिकमध्ये मुलांना मुंबईला ऑडिशनला नेणाऱ्या पालकांचा एक गट आहे. कंपनी नाही, ॲप नाही, कुठे पाटी नाही. व्हॉट्सॲपवरचा एक ग्रुप, मोबाइलवरच्या शीटमध्ये ठेवलेली एक सामायिक वही आणि पाच-सहा घरच्या गाड्या, एवढाच पसारा. ज्याच्या पोराला उद्याचं बोलावणं आलंय त्याने रात्री ग्रुपवर टाकायचं, ज्याची गाडी निघणार असेल त्याने किती जागा रिकाम्या आहेत ते सांगायचं, पेट्रोल आणि टोल वाटून घ्यायचा. या सगळ्या सोयीला आमच्या घरात ऑडिशनची गाडी म्हणतात. वर्षभराहून जास्त झालं, मी माझ्या नातीला, मनूला, घेऊन या गाडीने जाते-येते. कॉलनीतल्या बऱ्याच जणी विचारतात, "काकू, बरं आहे का हो ते? आम्हीपण जाऊ का?" प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं मत कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. गाडी येत नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही. मुलगा सातपूरला कंपनीत, शिफ्टमध्ये. सून लॅबमध्ये, तिचीही ड्युटी ठरलेली. ऑडिशन कधी रविवारी नसते, ती असते बुधवारी, आणि तिचा मेसेज येतो मंगळवारी रात्री साडेनऊला. "टुमॉरो, अकरा ते पाच." मग घरात एकच माणूस मोकळं उरतं, ते म्हणजे मी. मनूला नाचायला, बोलायला, नकला करायला आवडतं. यातून तिचं पुढे काही व्हावं असा माझा हट्ट नाही, पण तिला जायचं असतं आणि तिला एकटीला कुणाबरोबर धाडायला माझा जीव होत नाही.

दुसरे पर्याय मी सगळे करून पाहिलेत. खासगी टॅक्सीवाला जाऊन-येऊन पाच हजारांच्या खाली बोलत नाही, वर वेटिंगचे वेगळे. आणि ऑडिशनमध्ये वेटिंगशिवाय दुसरं असतं काय? पंचवटी एक्सप्रेस स्वस्त, तिला तोड नाही. पण सातनंतर नाशिक रोड सोडायचं, मुंबईत उतरून लोकल बदलायची, अंधेरीला मेट्रो पकडून वर्सोव्याला जायचं आणि तिथून रिक्षा. एका हातात इस्त्री केलेला फ्रॉक, दुसऱ्या हातात पोर. ते एकवेळ जमतं. खरी पंचाईत परतीची. पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते. अंधेरीत पाच वाजता कुणी म्हणालं, "आजी, अजून तिघं आहेत तुमच्या आधी," की ती गाडी गेलीच समजायची. मग दादरला एसटीच्या रांगेत झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन उभं राहायचं. माझे गुडघे त्या लायकीचे राहिले नाहीत.

गाडीचा हिशेब असा. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता होतो. पेट्रोल शंभरच्या वर, घोटी आणि पडघ्याचा टोल. ठाण्याला मुंबईत शिरताना मात्र ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, तेवढी सूट. तीन घरं असतील तर घरटी आठशे-हजार पडतात, सीएनजीची गाडी असेल तर त्याहून कमी. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून आणखी एक वाद सुरू झालाय. समृद्धीने गेलं की कसारा घाट टळतो, जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागतो, पोरं त्यात शिरताना ओरडतात. पण टोल जास्तीचा. कुणी म्हणतं वाचलेल्या वेळाचे पैसे द्यायला काय हरकत आहे, कुणी म्हणतं वाचलेला वेळ पुढे भिवंडी आणि माजिवड्याला परत जातोच ना. दोघांचंही खरं आहे. आता निघायच्या आदल्या रात्रीच विचारून घेतात, घाट की बोगदा, आणि जे ठरेल ते सगळ्यांनी भरायचं. पावसाळ्यात मी डोळे मिटून बोगद्याला मत देते. कसाऱ्यातलं धुकं आणि पुढचे ट्रकचे लाल दिवे मला बघवत नाहीत.

या गटातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती वही. तिच्यात पैशांचा रकाना आहेच, शेजारी किलोमीटरचा आहे आणि तिसरा आहे दारावरच्या तासांचा, म्हणजे ऑडिशनच्या दाराबाहेर पोरांपाशी कोण किती तास उभं राहिलं त्याचा. हा तिसरा रकाना ज्या बाईने सुचवला तिला मी शाळेत असते तर वर्गाची मॉनिटर केलं असतं. आमच्यासारखे बिनगाडीचे लोक कुठल्याही अशा गटात कायम मिंधे असतात. पैसे दिले तरी 'तुमची गाडी कधी निघणार?' हा प्रश्न कुणाच्या तरी चेहऱ्यावर असतोच. इथे तसं होत नाही, कारण गाडी चालवणारा माणूस अंधेरीत पोचला की त्याचं काम संपतं आणि आमचं सुरू होतं.

आराम नगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्सोव्याला, एक आणि दोन असे त्याचे दोन भाग. बैठी घरं, अरुंद गल्ल्या, झाडं बरीच. त्या घरांमधून कास्टिंगवाल्यांची, म्हणजे भूमिकांसाठी माणसं निवडणाऱ्यांची, ऑफिसं, छोटे स्टुडिओ, नाटकाच्या तालमीच्या जागा. दारावर कागद चिकटवलेला असतो: अमुक जाहिरात, मुलगा, वय पाच ते सात. गाडी लावायला जागा औषधालाही मिळत नाही. त्यामुळे चालवणारे बाबा आम्हाला गल्लीच्या तोंडाशी उतरवतात आणि गाडी घेऊन जागा शोधत फिरत बसतात, कधीकधी पार यारी रोडला. मग तीन-चार पोरं आणि एक मोठं माणूस. त्या माणसाला आम्ही 'दारावरचा माणूस' म्हणतो, आणि बहुतेक वेळा तो माणूस मी असते.

काम वाटतं तितकं सोपं नाही. आत शिरून यादीत नावं लिहायची. प्रत्येक पोराचा कागद वेगळा, कुणाचं बिस्कीट, कुणाची मालिका, कुणाचा बँकेचा व्हिडिओ, आणि कुणाची यादी कुठल्या खोलीत ते लक्षात ठेवायचं. कपड्यांच्या सूचना तपासायच्या: चौकटी नको, पट्टे नको, छातीवर चित्र नको, पांढरं शुभ्र नको. एकाला शू लागली की नेमकं त्याचंच नाव पुकारलं जातं, म्हणून नंबर तीनवर आला की आधीच नेऊन आणायचं. पोराला आत सोडलं की दार लागतं, आपण बाहेर. आत काय विचारतात ते आता मला पाठ आहे: नाव, वय, उंची, कुठून आलीस, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, हात पुढे कर, उलटे कर. हात कशाला बघतात हे मला पहिल्यांदा कळेना. मग एका मुलीच्या आईने सांगितलं, वस्तू हातात धरलेली दाखवायची असते ना, नखं-जखमा बघतात. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री नखं कापणं हे माझ्या यादीत वर आहे.

एकदा एक लहानगा घाटात गाडी लागून कासावीस झाला. त्याच्या शेजारच्या आईने मायेने त्याला संत्र्याची गोळी दिली. अंधेरीला उतरलो तर जीभ नारंगी, ओठ नारंगी, पुढचे चार दात नारंगी. जाहिरात टूथपेस्टची. मी त्याला नळापाशी नेला, ओल्या रुमालाने जीभ पुसली, चूळ भरायला लावली, परत पुसली. तो बिचारा 'आ' करून उभा आणि मागे तिसऱ्या नंबरच्या नावाने ओरडा चाललेला. शेवटी ओठांवरचं गेलं, जिभेवरचं राहिलंच. आत तो तोंड मिटून हसला म्हणे. आता गाडीत फक्त आलेपाक आणि आवळासुपारी चालते, तसं ग्रुपवर लिहिलेलंच आहे.

म्हणजे पेट्रोल वाचतं म्हणून या गटात या असं मी म्हणणारच नाही. पेट्रोल वाचतं, पण खरी सोय आहे ती त्या बंद दाराबाहेर पोराच्या ओळखीचं कुणीतरी उभं असण्याची. शौचालयापर्यंत सोबत, डब्यातली पोळी, आणि "आज नाही जमलं तर काय झालं" म्हणणारं एक माणूस. या बाबतीत दहापैकी नऊ. 

निघताना पाथर्डी फाट्यावर शेवटचं घर गाडीत चढतं. तिथून पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक दिसतं, आणि मला दर वेळी हसू येतं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, पहिला चित्रपट मुंबईत काढला, पण पुढचे बरेच काढले ते इथे नाशकात. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. त्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच ती पोर कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते, राग, रडू, हसू. म्हणजे ऑडिशनच की. फरक इतकाच की तिला नाशकातून कुठे जावं लागलं नाही, आणि आमची पोरं पहाटे पाचला उठून स्मारकाला मागे टाकून अंधेरीला निघतात.

आता अवघड गोष्ट. शाळेची रिक्षा, क्लासची गाडी असे गट सगळीकडे असतात, पण तिथे पोरांमध्ये स्पर्धा नसते. इथे असते. एकाच गाडीतली दोन पोरं एकाच भूमिकेला चाललेली असतात. मागे एका जाहिरातीचा निरोप आला होता: मुलगी, सहा ते आठ, घरगुती चेहरा, पुढचा दात पडलेला असेल तर उत्तम. मनूचा दात नुकताच पडला होता. आणि गटातल्या दुसऱ्या एका मुलीचाही. दोघी बोळक्या मागच्या सीटवर शेजारी. ओळ एकच होती, हिंदीत: "मम्मी, ये मैंने खुद बनाया है!" शहापूरपासून पडघ्यापर्यंत ती ओळ मी किती वेळा ऐकली ते देव जाणे. दोघी एकमेकींना म्हणून दाखवत होत्या, एकमेकींची चूक काढत होत्या, 'खुद'वर जोर द्यायचा की 'मैंने'वर यावर भांडत होत्या. मुलींना काहीच वाटत नव्हतं. पुढच्या सीटवर बसलेल्या आईची मान मात्र ताठ. थोड्या वेळाने ती मागे वळून आपल्या मुलीला म्हणाली, "बास आता, घसा बसेल." घशाची काळजी नव्हती ती, हे मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. त्या बाईला मी दोष देत नाही. गाडी वाटून घेणं सोपं, ओळ वाटून घेणं कठीण.

पण यापुढचं जे झालं त्याला मी दोष देते. गटात सुरुवातीपासून एक अलिखित समज होती की जो निरोप आपल्याला आला तो सगळ्यांना टाकायचा. कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑडिशनचे निरोप पाठवणारा मधला माणूस, कुणालाच सगळं पाठवत नाही, याला हे, त्याला ते, म्हणून एकत्र केलं तर सगळ्यांचाच फायदा. एका घराने एका मोठ्या मालिकेचा निरोप दाबून ठेवला आणि गुपचूप स्वतःच्या गाडीने गेले. त्याच दिवशी आमची गाडी वेगळ्या कामाला त्याच गल्लीत. यादीत नाव लिहायला वाकले तर वरच्या ओळीत त्यांच्या मुलाचं नाव! समोर ते बाबा उभे. "अरे आजी, तुम्हीपण?" मी म्हटलं, "हो, आम्हीपण." दुसरं काय म्हणणार, पोरासमोर?

त्यानंतर ग्रुपवर कुणी एक शब्द बोललं नाही. पण बरेच दिवस त्यांनी जागा विचारली की प्रत्येकाची गाडी भरलेली असायची. हा खास आपला मराठी मध्यमवर्गीय न्याय, तोंडाने काही बोलायचं नाही. मला तो पटला नाही. मी ग्रुप चालवणाऱ्या दोघी आयांना फोन करून सांगितलं, नियम असेल तर फळ्यावर लिहा, नसेल तर शिक्षाही देऊ नका. आता ग्रुपच्या माथ्यावर लिहिलंय: निरोप आल्यावर तासाभरात सगळ्यांना टाकायचा, आणि ज्याला हे जमणार नाही त्याने गाडी वापरू नये. ते घर आहे अजून, येतात कधीतरी. मुलगा गोड आहे.

आणखी एक दुखणं 'मुंबई बेस्ड'चं. पुष्कळ निरोपांत लिहिलेलंच असतं, मुलं मुंबईचीच हवीत, म्हणजे ऐन वेळी बोलावता येतं. मग गाडीतल्या काही आया पोरांना शिकवतात, "कुठून आलीस विचारलं तर ठाणे सांग." मनूला मी सांगितलंय, नाशिक म्हण. माझ्या या हट्टामुळे दोन-तीन कामं गेली असतील, असं मला गाडीतच ऐकवलं गेलंय. गेली असतील. पण सात वर्षांच्या मुलीने नावापाठोपाठ दुसरंच वाक्य खोटं बोलायचं, हे मला नाही पचत. गटाने यावर काही नियम केला नाही, ज्याचं त्याच्यावर सोडलंय. बरोबरही आहे. पण शेजारचं पोर 'ठाणे' म्हणतंय आणि आपलं 'नाशिक', तर आपलं पोर गाडीत विचारणारच ना, "आजी, खरं कोण बोललं?" तेवढी तयारी ठेवून या.

परतीचा प्रवास मला जास्त थकवतो. निकाल त्या दिवशी कुणीच सांगत नाही, 'कळवतो' म्हणतात आणि निवड झाली नसेल तर कळवतही नाहीत. त्यामुळे सगळी चिरफाड गाडीत चालते. किती वेळ आत होती? दोनदा करायला लावलं का? म्हणजे आवडलं असणार. की आवडलं नाही म्हणून दोनदा लावलं? हसले का? नाव परत विचारलं का? पोरं मागे बसून हे सगळं ऐकत असतात. मी आता सरळ मधल्या सीटवर बसते आणि पडघा आलं की भेंड्या सुरू करते. मोठ्यांनाही खेळायला लागतं, त्यामुळे चर्चा बंद पडते. ज्यांना भेंड्या आवडत नाहीत त्यांनी दुसऱ्या गाडीत बसावं, मी स्पष्ट सांगते.

उशीर हा या सेवेचा सर्वात मोठा दोष आणि त्यावर इलाज नाही. तीन पोरं तीन वेगळ्या वेळी मोकळी होतात. एकाला 'थांबा, सरांना दाखवायचंय' म्हणाले की बाकी दोघांनी रात्र होईपर्यंत थांबायचं. थांबलेल्या पोराची आई अवघडलेली, बाकीच्या आया तोंडाने "अहो, काही नाही, होऊ दे ना" म्हणतात आणि घड्याळ बघतात. नाशकात शिरायला अकरा-साडेअकरा ठरलेले. दुसऱ्या दिवशी शाळा असते, गृहपाठ राहिलेला असतो. सकाळी निघतानाही कुणीतरी एक घर पंधरा मिनिटं उशिरा खाली येणारच, आणि ते दर वेळी एकच घर असतं. वक्तशीरपणाला दहापैकी चार. मी मायेने दिले, तीनच द्यायला हवे होते.

सुरक्षेचं सांगते. एकदा गाडीत जागा कमी आणि पोरं जास्त झाली. एक बाबा म्हणाले, "मनू बारीक आहे, तुमच्या मांडीवर बसेल." मी गाडीत बसलेच नाही. पट्ट्याशिवाय पोर नेणं मला मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट नसेल तर हजार रुपये दंड २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीपासून आहे. दंडाचं सोडा, तो हमरस्ता आहे, आपली गल्ली नव्हे. थोडी कुरकुर झाली, मग दुसरी गाडी काढली आणि सगळ्यांचा खर्च वाढला. आता पट्टे मोजून जागा सांगतात. समृद्धीवर लिहिलेली वेगाची मर्यादा म्हणजे तेवढ्याच वेगाने जायचं अशी समजूत असलेले एक बाबा आहेत. त्यांच्या गाडीत मी बसत नाही, त्यांना तसं सांगितलंय, त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

पोर एकटं पाठवायचं असेल तर गटाची अट आहे: आई किंवा वडिलांचा लेखी निरोप, आधार कार्डाची प्रत, आणि कोणत्या मोठ्या माणसाच्या ताब्यात देताय त्याचं नाव. पहिल्या वेळी घरच्या कुणीतरी सोबत यायलाच हवं. पैसे मागणारा निरोप ग्रुपवर टाकायचा नाही, हाही एक चांगला नियम आहे. नोंदणीचे दोन हजार भरा, पोर्टफोलिओ (फोटोंचा संच) आमच्याकडूनच काढा, मग ऑडिशन, असले निरोप रोज फिरत असतात. खऱ्या ऑडिशनला पैसे पडत नाहीत. तुमच्या पोराकडे बघून कुणी पाकीट काढायला सांगितलं की तिथूनच परत फिरा.

मनूला वर्षभरात एक काम मिळालं. एका मसाल्याच्या जाहिरातीत जेवायला बसलेल्या कुटुंबातली, कोपऱ्यातली मुलगी. तेव्हा या गटाचा खरा उपयोग झाला. गटातली एक आई हिशेबनीस आहे. तिने आधीच सांगून ठेवलं होतं की मुलांच्या कामाचे नियम आहेत, २०१६ मध्ये बालकामगार कायदा बदलला आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. मुलाच्या मिळकतीतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचे. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. शूटिंगच्या दिवशी मी हे तास कागदावर लिहीत बसले होते. सहायक मुलगा दोनदा बघून गेला, "आजी, काय लिहिता?" म्हटलं, "वेळ लिहिते, बाळा." पाच तास व्हायच्या आत सोडलं आम्हाला. पैसे मात्र नव्वद दिवसांत म्हणाले होते ते नव्वद दिवसांत आले नाहीत. बरेच फोन करावे लागले, आणि मुदत ठेवीचं विचारल्यावर पलीकडचा माणूस मला शिकवायला लागला. त्याला त्या हिशेबनीस आईने गाडीत बसूनच, भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये, अतिशय गोड आवाजात नियम वाचून दाखवला. ठेवीची पावती आता माझ्या कपाटात आहे.

हल्ली पहिली फेरी पुष्कळदा घरूनच व्हिडिओ काढून पाठवायची असते. त्यामुळे फेऱ्या कमी झाल्यात, आणि ज्या होतात त्या पुढच्या फेरीच्या किंवा लुक टेस्टच्या (भूमिकेच्या वेशात पोर कसं दिसतं ते बघायच्या), म्हणजे जास्त महत्त्वाच्या. गटातल्या एकीच्या घरी पांढरी भिंत आणि ट्रायपॉड आहे, तिथे पोरं रांगेने व्हिडिओ काढतात. समोरच्याचे संवाद वाचायला एक मोठं माणूस लागतं. मी वाचत होते, पण माझं वाचन फार शाळेतलं येतं म्हणे, म्हणून आता दुसरं कुणी वाचतं.

कुणी यावं? ज्यांच्या घरी गाडी नाही किंवा चालवणारं कुणी मोकळं नाही, पण वेळ देणारं एक मोठं माणूस आहे, त्यांनी जरूर यावं. ज्यांना आपलं पोर बाकीच्यांच्या पोरांपेक्षा सरस आहे हे गाडीत सिद्ध करायचंय त्यांनी स्वतःची गाडी काढावी, सगळ्यांनाच सुख. ज्यांच्या पोराला गाडी लागते त्यांनी न लाजता आधी सांगावं, पुढची सीट देतात. दोन कपडे इस्त्री करून हँगरवर आणा, घडी करून पिशवीत नको. तेल लावून वेणी घालू नका. डबा सगळ्यांना पुरेल इतका आणा, अंधेरीत सँडविचला किती मोजावे लागतात ते ऐकून मला घेरी येते. चार्जरवरून भांडणं होतात, स्वतःचा आणा.

गटात घ्यायचं की नाही ते ग्रुप चालवणाऱ्या दोघी आया ठरवतात, एकदा घरी येऊन बोलतात, पोराशीही बोलतात. परतीत कसाऱ्याला वडे खायला थांबायचं की नाही, हे मात्र गाडी चालवणाऱ्याने ठरवायचं, मागच्या सीटवरच्यांनी त्यात पडायचं नाही, असाही एक नियम केलाय. तो मला मान्य नाही, आणि तसं मी वहीत लिहिलंय.